एकाचं मशीन, दुसऱ्याचे दात

गेल्या अंकात चेनला कानस कशी मारायची ते सांगताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की या चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, बनवणाऱ्या कंपन्या बाजारात एकमेकींचं तोंड बघत नाहीत पण मशीन उघडून बघाल तर आत निम्मी उसनवारी असते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की विचारू नका, आणि कानशीबद्दल एकानंही काही विचारलं नाही! असो. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, निवडक घेतोय.

काका, माझ्याकडे नारंगी मशीन आणि चुलतभावाकडे निळं. दोन कंपन्या वेगळ्या, दुकानं वेगळी, पण दोघांच्या चेनवर नाव एकच, ओरेगन. मग ह्या कंपन्या नक्की बनवतात काय? आपल्याला फसवतायत का?
(आंबा-काजू बागायतदार, दापोली)

फसवणूक काही नाही दादा, उलट ही गोष्ट ऐकली तर तुम्हाला मजा वाटेल कारण तुम्ही आंबेवाले. भिरूड माहितीये ना? खोडात भोक पाडून आत भुसा करणारी ती जाड पांढरी अळी. तर अमेरिकेत ओरेगन राज्यात जोसेफ बुफर्ड कॉक्स नावाचा एक माणूस होता, जंगलात लाकूडतोड करायचा. तेव्हाच्या चेनला जे दात असायचे ते जुन्या दोघांनी ओढायच्या करवतीच्या दातांची नक्कल होती, सरळ टोकदार, लाकूड खरवडत जायचे, बारीक पावडर पडायची आणि दिवसातून कितीदा तरी कानस मारत बसायला लागायचं. अर्धा वेळ कापण्यात, अर्धा धार लावण्यात. १९४६ साली हा माणूस लाकडं फोडताना एका ओंडक्यातली अळी बघत बसला. तीही भिरूडच्याच कुळातली बरं का, लांब मिशांच्या भुंग्याची. ती अळी लाकूड आडवं-उभं कसंही आरामात खात सुटलेली. त्यानं भिंगाखाली तिचा जबडा बघितला तर तो इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला, आणि डावीकडून एक घास उजवीकडून एक घास असं चाललेलं. यानं घरी जाऊन तसाच वळलेला दात चेनवर बसवला, एक डावा एक उजवा, प्रत्येकाच्या पुढं एक छोटा उंचवटा, दातानं किती खोल जायचं ते ठरवणारा. झालं! पावडरीच्या जागी ढलप्या पडायला लागल्या. १९४७ मध्ये त्यानं पोर्टलंड शहरात कंपनी काढली तीच ही ओरेगन. आज तुमच्या मशीनवर जी चेन आहे तिच्या दाताचा आकार थोडाफार बदलला असेल पण कल्पना तीच, अळीची. आणि आपण त्याच जातीच्या अळीला शिव्या देत तारेनं भोकातून ओढून काढतो!

आता तुमचा मूळ प्रश्न. चेन बनवणं वेगळा धंदा आहे आणि इंजिन बनवणं वेगळा. चेनसाठी पोलाद ठोकणं, रिबेट मारणं, कडक करणं, दाताला क्रोमचा थर देणं, याला अवाढव्य यंत्रं लागतात आणि ती चोवीस तास चालली तरच परवडतं. म्हणून बऱ्याच मशीनवाल्या कंपन्यांनी सरळ ओरेगनकडून चेन आणि बार (चेन जिच्या कडेनं फिरते ती लांब पट्टी) घेतले, कुणी ओरेगनचं नाव ठेवून विकलं, कुणी आपल्या डब्यात घालून. स्वीडनच्या हुस्कवर्ना कंपनीच्या डब्यातून कित्येक वर्षं ओरेगनचीच चेन निघायची. अपवाद स्टिल या जर्मन कंपनीचा, त्यांनी स्वतःची चेन करायचा हट्ट धरला आणि १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वील नावाच्या गावी चेनचा वेगळा कारखानाच टाकला. अलीकडे हुस्कवर्नानंही एक्स-कट नावानं स्वतःची चेन काढलीय. पण तुम्ही म्हणता तसं निळ्या-नारंगीत एकच चेन असणं हे या धंद्यात पहिल्यापासून चालत आलंय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला जी दोन माणसांनी धरायची मोठी चेनसॉ मिळाली तिच्यात इंजिन मर्क्युरीचं, म्हणजे बोटीची इंजिनं करणाऱ्या कीकहेफर कंपनीचं, आणि बार-चेनचा भाग डिस्टनचा, जे फिलाडेल्फियाचे पिढीजात करवतवाले. ज्याला जे जमतं त्यानं ते केलं, एवढंच.

भावाच्या मशीनची चेन ३/८, माझीही ३/८. मग त्याची माझ्या बारमध्ये बसत का नाही? दुकानदार म्हणतो कंपनीचीच घ्या.
(आजरा)

दुकानदार अर्धं खरं बोलतोय. चेन घेताना तीन आकडे लागतात आणि लोक एकच सांगतात. पहिला पिच, म्हणजे सलग तीन रिबेटांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि दोनानं भागायचं, ते ३/८ इंच येतं किंवा .३२५ किंवा मोठ्या मशीनला .४०४. दुसरा गेज, म्हणजे चेनचा जो खालचा दात बारच्या खाचेत शिरतो त्याची जाडी, १.१ मिमी, १.३, १.५, १.६ असं. तिसरं, ते खालचे दात एकूण किती. तुमचा घोळ गेजमध्ये असणार. स्टिलची मोठी मशीनं बहुतेक १.६ वर असतात, हुस्कवर्नाची १.५ वर, छोटी मशीनं १.३ किंवा १.१. आता १.६ ची चेन १.५ च्या खाचेत जाणार नाही, आणि १.३ ची १.६ मध्ये गेली तरी डुलत राहील, काप वाकडा जाईल आणि बार खराब होईल. आणखी एक गोम आहे, ३/८ मध्येही दोन प्रकार, एक मोठी आणि एक बुटकी. छोट्या मशीनला बुटकी असते, दोन्हींवर लिहिलेलं ३/८ च, पण एकाच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, दुसरी लावू नका.

म्हणजे पिच सगळ्यांनी एकसारखा घेतला पण गेज मात्र आपापला धरून ठेवला, आणि बार मशीनला जिथं बसतो तिथली भोकं आणि तेलाचं छिद्र हेही प्रत्येकाचं वेगळं. यात काही तांत्रिक कारणं असतील, पण माझं मत विचाराल तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ नये हेही एक कारण आहेच. तीन आकडे बारवर मागच्या टोकाला कोरलेले असतात, कागदावर उतरवून घ्या, फोटो काढा काहीही करा, मग कुठल्याही चांगल्या कंपनीची चेन घ्या. कानशीचं तेवढं लक्षात ठेवा, मोठ्या ३/८ ला ओरेगन ५.५ मिमीची गोल कानस सांगतं आणि स्टिल ५.२ ची. बुटक्या ३/८ ला ४ मिमी, .३२५ ला ४.८. स्पार्क प्लगच्या बाबतीत मात्र सगळे गुण्यागोविंदानं नांदतात, एनजीके बीपीएमआर७ए हा एक प्लग स्टिल आणि हुस्कवर्ना या दोन्ही मोठ्या कंपन्यांच्या ढीगभर मॉडेलांना चालतो.

कार्बोरेटर साफ करायला काढला तर त्यावर झामा लिहिलेलं. शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरही झामाच. ही कोणती कंपनी?
(कुडाळ)

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. चेनसॉचे कार्बोरेटर जगात मोजक्या कंपन्या करतात, वॉलब्रो, टिलॉटसन, झामा ही मुख्य नावं. कोणत्याही रंगाचं मशीन उघडा, आत यांच्यापैकी कुणीतरी बसलेला असतो. आता गंमत, झामा २००८ मध्ये स्टिलनं विकत घेतली. म्हणजे दुसऱ्या रंगाचं मशीन विकलं गेलं आणि त्यात झामा असला की चार पैसे स्टिलच्या गल्ल्यातही पडतात. आपल्याकडे कसं, दोन भाऊ बांधावरून कोर्टात असतात पण विहिरीचा पंप एकच, तसं.

पण हे एवढं का महत्त्वाचं ते सांगतो, जरा लांबेल. जुन्या चेनसॉला मोटरसायकलसारखा कार्बोरेटर असायचा, खाली वाटी, वाटीत पेट्रोल, त्यावर तरंगणारा फ्लोट. मोटरसायकल उभीच चालते तेव्हा ठीक, पण झाड पाडायचं तर करवत आडवी धरावी लागते, आडवी केली की वाटीतलं पेट्रोल कलंडलं, इंजिन बंद. म्हणून तेव्हाच्या मशीनला अशी सोय असायची की इंजिन उभंच राहणार आणि फक्त पुढचा बार फिरवून आडवा करायचा, आणि हे सगळं धूड दोन माणसांनी उचलायचं. वजनं बघा ना, १९२६ ची स्टिलची पहिली विजेवरची करवत ६४ किलोची, १९२७ ची डोलमार या जर्मन कंपनीची पेट्रोलवरची ५८ किलो. आपल्याकडचं सिमेंटचं पोतं ५० चं असतं! मग आला डायफ्रामचा कार्बोरेटर. वाटी नाही, फ्लोट नाही, एक पातळ पडदा, आणि पिस्टन वरखाली होताना त्याच्या खालच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पेटीत, जो दाब कमीजास्त होतो त्यावरच पेट्रोल ओढणारा छोटा पंप. उलटं धरा, आडवं धरा, पेट्रोल येतच राहतं. टिलॉटसन ही ओहायोतल्या टोलेडोची कंपनी, यांचं या प्रकारात मोठं नाव झालं. १९४९ मध्ये अमेरिकेच्या मॅकलॉक कंपनीनं २५ पौंडांचं, म्हणजे सव्वाअकरा किलोचं, एका माणसानं चालवायचं मशीन आणलं आणि १९५९ मध्ये स्टिलनं काँट्रा, गिअर नसलेलं, साधारण १२ किलोचं. त्यानंतर दोन माणसांच्या करवती बघता बघता गेल्या. या बदलाचं श्रेय मशीनवाले घेतात पण माझ्या मते निम्मं श्रेय त्या पडद्याचं आहे, आणि तो पडदा कुणा एका करवतवाल्याच्या घरातला नव्हता, पैसे टाकले की सगळ्यांना मिळत होता.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच, मशीन पावसाळाभर पडून राहिलं तर हाच पडदा कडक होतो. कार्बोरेटरवरचा नंबर देऊन पडद्याचं किट मागा, मशीनचा रंग सांगू नका.

नवीन मशीनच्या कार्बोरेटरला हवेचं एक तोंड जास्त आहे, जुन्याला नव्हतं. मेकॅनिक म्हणाला बंद करून टाका, पिकअप वाढेल. करू का?
(एक वाचक, नाशिक)

अजिबात करू नका!! मेकॅनिक बदला.

टू स्ट्रोकचा मूळ दोष असा की नवीन हवा-पेट्रोल आत येतं आणि त्याच वेळी जळलेला धूर बाहेर जात असतो, तर नव्या पेट्रोलचाही एक भाग न जळताच धुराबरोबर निसटतो, साधारण पाव ते तिसरा हिस्सा धरा. अमेरिका-युरोपात धुराचे नियम कडक झाले तेव्हा ही गळती थांबवणं भाग पडलं. जपानच्या कोमात्सु झेनोआ कंपनीनं तोडगा काढला तो असा की आधी नुसती हवा आत सोडायची, ती धूर ढकलत बाहेर जाईल, तिच्या मागून पेट्रोलवालं मिश्रण येईल. म्हणजे निसटलीच तर हवा निसटते. ती हवा घ्यायला ते दुसरं तोंड. पुढं २००७ मध्ये हुस्कवर्नानं झेनोआच विकत घेतली. आज हुस्कवर्ना आपल्या इंजिनाला एक्स-टॉर्क म्हणतं, स्टिल टू-मिक्स म्हणतं, रचनेत फरक आहेत पण मधे हवेचा थर घालायची युक्ती दोघांचीही. नावं अशी ठेवतात की वाटावं प्रत्येकाला वेगळाच साक्षात्कार झाला.

आम्ही स्वीडनमध्ये यॉनशॉपिंगला राहतो, हुस्कवर्नाचं म्युझियम घराजवळच आहे. इथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं सांगितलं की लाल जॉनसेरेड आणि नारंगी हुस्कवर्ना आतून एकच मशीन. पण तो स्वतः आयुष्यभर लालच वापरतोय आणि नारंगीला हात लावत नाही. हे काय गौडबंगाल?
(एक वाचक ताई)

ताई, शेजारी खरं बोलतोय आणि त्याचा हट्टही खरा आहे. पूर्वी त्या दोन खरंच वेगळ्या कंपन्या होत्या. जॉनसेरेड गोथेनबर्गजवळची, १९५४ मध्ये त्यांनी राकेट नावाची करवत काढली, म्हणजे रॉकेटच. हुस्कवर्ना तर १६८९ पासूनची, राजाच्या सैन्यासाठी बंदुका करणारी, मग शिलाई मशीन, सायकल, मोटरसायकल असं करत करत १९५९ मध्ये चेनसॉकडे आली. मोटरसायकलच्या इंजिनाचा आणि सायलेन्सरचा अनुभव घरचाच होता, तो इथं वापरला. पुढं सत्तरचं दशक संपता संपता इलेक्ट्रोलक्सनं आधी हुस्कवर्ना, मग जॉनसेरेड, असं दोघांनाही पोटात घेतलं, तीच गत पार्टनर नावाच्या चेनसॉ कंपनीची, नंतर अमेरिकेची पूलान आणि मॅकलॉक हे ब्रँडही त्याच घरात आले. मग एकाच कारखान्यात एकच इंजिन, एकदा नारंगी झाकण एकदा लाल. पण तोवर लाकूडतोड्यांच्या दोन पिढ्या लाल की नारंगी यावर भांडून झालेल्या, त्यांना आतलं काय ते सांगून उपयोग नव्हता आणि कंपनीलाही सांगायची घाई नव्हती. २००६ मध्ये हुस्कवर्ना इलेक्ट्रोलक्समधून वेगळी झाली आणि हळूहळू लाल रंग बाजारातून कमी होत गेला. तुमच्या शेजाऱ्याचं मशीन जपून ठेवायला सांगा, स्पेअरसाठी नारंगी दुकानात जावं लागेल तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असेल!

वर दापोलीकरांनी लिहिलेलं निळं मशीन मकिताचं असेल तर तिथंही हाच प्रकार. १९९१ मध्ये जपानच्या मकितानं जर्मनीची डोलमार घेतली, मग बरीच वर्षं तेच मशीन लाल झालं तर डोलमार आणि निळं झालं तर मकिता. आता मकितानं पेट्रोलची मशीनं करणंच २०२२ मध्ये थांबवलं, बॅटरीवर गेले.

ऑनलाइन ५८ सीसीचं मशीन ब्रँडेडच्या पाव किमतीत मिळतंय. मित्र म्हणतो हे ब्रँडेडचंच डिझाइन आहे. मग चोरीचा माल झाला का? घ्यावं का?
(कोपरगाव)

दोन वेगळे प्रश्न आहेत, वेगळे करू.

चोरीचं असं आहे की पेटंट २० वर्षं चालतं. ती संपली की ते डिझाइन कुणीही बनवू शकतं, त्यात कायद्यानं काही वावगं नाही. ते ५२-५८ सीसीवाले चिनी मशीन जे दहा वेगवेगळ्या नावांनी मिळतं ते मुळात झेनोआच्या जुन्या मॉडेलांच्या वळणावरचं, स्पेअरच्या दुकानातही झेनोआचेच मॉडेल नंबर चालतात. चीनच्या फार्मरटेकनं तर होल्झफोर्मा नावानं जी६६० म्हणून मशीन काढलं, ते स्टिलच्या एमएस६६० ची उघड उघड प्रतिकृती, पार्टही एकमेकांना बसतात, पण नाव त्यांचं स्वतःचं आणि रंगही वेगळा. याला मी चोरी म्हणत नाही. चोरी म्हणजे दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचा डबा आणि दुसऱ्याचा होलोग्राम छापणं. रंगाचीही चोरी होते, स्टिलचा नारंगी-करडा जोड युरोपात ट्रेडमार्क म्हणून नोंदलेला आहे आणि त्यावरून कोर्टकज्जे झालेत.

मी स्वतः या डुप्लिकेट डब्याला एकदा फसलोय. तालुक्याच्या एका दुकानातून नामांकित चेन म्हणून घेतली, डबा अगदी तसाच, दोनशे रुपये स्वस्त, म्हटलं ओळखीचा माणूस आहे. बाभळीच्या बुंध्यात तिसऱ्या कापाला रिबेट उडाला आणि चेन फटकन सुटून बाहेर आली. बारच्या मुळाशी चेन अडवणारी ती खुंटी असते ना, तिनं वाचवलं. घरी येऊन भिंगानं बघितलं तर दातांवर कंपनीचं नाव छापलेलंच नव्हतं, खऱ्या चेनच्या दाताला किंवा खालच्या लिंकला नाव-नंबर असतो. डबा बघितला, चेन बघितली नाही, चूक माझी.

घ्यावं का? वर्षातून चार दिवस जळण तोडायचं असेल तर घ्या, पण बार-चेन पहिल्याच दिवशी काढून चांगली टाका आणि चेन ब्रेक (मशीन उसळलं की चेन जागीच थांबवणारा) खरंच लागतो का ते मशीन चालू करून तपासा. सीसीवर विश्वास ठेवू नका, सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन किती सरकतो ते) मागा, बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५४, सगळं सेंटिमीटरमध्ये. ४५ मिमी बोअर आणि ३४ मिमी स्ट्रोक असला तर ५४ सीसी येतात, ५८ येत नाहीत. रोज चालवायचं असेल तर नको, सरळ सांगतो.

चेन ब्रेक आणि कंपन कमी करणारी रबरं आधी कुणी काढली?
(दोन वाचकांनी विचारलंय)

कंपनाचं काम स्टिलनं साठच्या दशकाच्या मध्यात सुरू केलं, हुस्कवर्नानं १९६९ च्या १८० मॉडेलमध्ये आणलं. जंगलात दिवसभर मशीन धरून लोकांची बोटं पांढरी पडून बधिर व्हायची, त्यामुळं हे आलं. चेन ब्रेक सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोघांनीही वर्षभराच्या अंतरानं आणला. कुणी कुणाचं बघितलं यावर दोन्हीकडचे लोक अजून भांडतात, मी त्यात पडत नाही. आज दोन्ही गोष्टी नसलेलं मशीन कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

आजोबांच्या अडगळीत मॅकलॉक नावाची जुनी पिवळी चेनसॉ सापडली. भंगारवाला किलोवर मागतोय.
(बेळगाव)

देऊ नका हो! ही तीच कंपनी जिचं वर सव्वाअकरा किलोचं मशीन सांगितलं. मालक रॉबर्ट मॅकलॉक, याच माणसानं १९६८ मध्ये लंडनचा जुना पूल जवळजवळ पंचवीस लाख डॉलरला विकत घेतला, बाहेरचे दगड नंबर टाकून ॲरिझोनाच्या वाळवंटात नेले आणि १९७१ मध्ये तिथं पूल उभा केला, अजून आहे. मशीनचा प्लग काढा, सिलिंडरमध्ये दोन चमचे टू स्ट्रोक ऑइल सोडा, एक दिवस तसंच ठेवा आणि मग दोरी हळू ओढून बघा. पिस्टन हलला तर मला फोटो पाठवा, कार्बोरेटरच्या नंबरचासुद्धा.